यादीत नसलेल्या पट्ट्या

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात लोखंडाच्या दोन पट्ट्या आहेत. वीतभर लांब, एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला बोल्टचं भोक. घरात कुणी विचारलं तर मी सांगतो, एका जुन्या मोटारीच्या आहेत. त्यात खोटं काही नाही. पण त्या माझ्याकडे कशा आल्या, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

धाराशिवला मी मोटारीच्या सुट्ट्या भागांच्या दुकानात कारकून होतो. मराठवाडा आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. वय सव्वीस, शिक्षण मॅट्रिक, डोकं गरम. दुकानात इंग्रजी कॅटलॉग वाचू शकणारा मी एकटा, आणि त्याचा मला भलता माज होता. एखादं गिऱ्हाईक "ते गोल गोल असतं बघा" असं म्हणालं की मी आधी त्याला चार शब्द सुनवायचो, मग माल काढायचो. मालक म्हणायचे, "तुझ्या इंग्रजीवर दुकान चालतंय आणि तुझ्या तोंडामुळं बसतंय." मला त्यातलं पहिलं तेवढं ऐकू यायचं.

एके दिवशी मालकांनी मला मुंबईहून आलेलं एक पाकीट दिलं. तिथले एक हौशी गृहस्थ तेरच्या इनामदारांची जुनी मोटार घेत होते. मोटार साधी नव्हती. दोनच माणसांची, लांब नाकाची, शर्यतीत पळवायच्या जातीची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विलायतेहून आलेली. गृहस्थांनी थेट कारखान्याला पत्र लिहून विचारलं होतं की ही गाडी तुमच्याकडून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर काय काय होतं. कारखान्यानं जुनी कागदपत्रं काढून यादी पाठवली होती. पहिल्या मालकानं कोणता रंग मागितला, कातडं कोणतं, दिवे किती, टाकी मोठी की लहान, सगळं नोंदवलेलं. मी तेरला जाऊन ती यादी गाडीशी ताडून पाहायची, शेवटी सही करायची, असं काम होतं. खाली गृहस्थांनी स्वतः दोन ओळी टाइप केल्या होत्या. यादीत नसलेली कोणतीही वस्तू गाडीवर ठेवू नये. गाडी कारखान्यातून निघाली तशी मला हवी.

मी लाल-निळी पेन्सिल खिशात घातली आणि तेरची बस धरली. ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. बसमध्ये अर्ध्या माणसांच्या अंगाला धाटांचा भुसा चिकटलेला होता, आणि मी मात्र परीटघडीच्या सदऱ्यात, मांडीवर विलायतेचा कागद घेऊन बसलेलो होतो.

इनामदार फार थकले होते. बाजेवर पडून असायचे, ऐकू कमी यायचं. मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "वस्तादला दाखवा," म्हणाले. "आन् वस्ताद, हे बाबू म्हणतील तसं करा."

वस्ताद म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. गाडी आली त्या दिवसापासून ती त्यांच्याच हातात होती. पन्नाशीपुढचे, काटक, ढिला पायजमा, वर जाकीट, डोक्याला रुमाल. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचं एका गोष्टीसाठी नाव होतं. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून कुत्र्यालासुद्धा गाडी लागली नव्हती. तेरच्या बस थांब्यावर पानवाल्यानं मला न विचारता हे सांगितलं होतं.

गाडी गोठ्याच्या शेजारी एका पडवीत उभी होती. वस्तादांनी गोणपाट ओढलं आणि मी बघतच राहिलो. इतकी देखणी वस्तू मी कॅटलॉगमध्येही पाहिली नव्हती. मग मला माझं काम आठवलं आणि मी पेन्सिल काढून गाडीच्या मागच्या बाजूला निघालो.

"तिथनं नगा जाऊ, बाबू."

पायाखाली पाहिलं तर एक दगडी शिळा होती. मागच्या चाकाच्या अगदी जवळ, मातीनं लिंपून बंद केलेली.

"काय आहे?"

"पेव."

धान्य साठवायचं तळघरासारखं ते खोल भुयार. आमच्याकडे तेव्हा घरोघरी असायचं. मी म्हटलं, मग त्यात काय. वस्ताद स्वतः शिळेला वळसा घालून पलीकडे गेले. मी शिळेवरूनच गेलो. मला असल्या गोष्टींचा राग यायचा.

यादी मोठी होती आणि गाडीवरची अर्धी वस्ती तेर-धाराशिवची होती. बसायच्या गाद्यांचं हिरवं विलायती कातडं फाटल्यावर गावच्या चांभारानं शेळीचं कातडं रंगवून लावलं होतं, तेही इतकं बेमालूम की मला नखानं खरवडून पाहावं लागलं. दिव्यांच्या आतल्या वाट्यांना भांड्यांसारखी कल्हई केलेली. विजेचा भोंगा जाऊन रबरी फुग्याचा आलेला. मी एकेका ओळीपुढे बरोबर किंवा फुली करत होतो आणि प्रत्येक फुलीला वस्तादांकडे असं पाहत होतो की त्यांनी चोरीच केलीय. ते मात्र शांतपणे सांगत होते, हे कोणत्या उन्हाळ्यात तुटलं, ते कुणी करून दिलं. त्यांना लाज नव्हती, अभिमानच होता. आज मला कळतं की गाडी चालती ठेवली होती ती या फुल्यांनी.

चाकांची ओळ आली. तारांची चाकं, मधोमध कान असलेला एकेक मोठा नट, नटांवर डावं-उजवं छापलेलं. असे नट हातोड्यानं कानावर ठोकून बसवायचे आणि ठोकूनच काढायचे. पुढच्या दोन नटांवरची अक्षरं ठोकाठोकीनं झिजून गेली होती. मागच्या दोहोंवर साफ दिसत होती. उजव्या चाकावर इंग्रजीत 'डावं' लिहिलेलं होतं आणि डाव्या चाकावर 'उजवं'. मी थबकलो. मग गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो, आणि तिथून डावं-उजवं बरोबर जुळलं. विलायतेत समोरून मोजत असतील, असं मी ठरवलं. वस्तादांना विचारणं कमीपणाचं वाटलं. त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली.

पण त्या दोन नटांवर लोखंडाच्या ओबडधोबड पट्ट्या होत्या. नटाच्या कानात आकडा अडकवलेला, दुसरं टोक चाकाच्या तारांना बोल्टनं आवळलेलं. नट फिरूच नये अशी सोय. यादीत अर्थातच पट्ट्या नव्हत्या.

"या काढाव्या लागतील."

वस्ताद पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. "बाकी समदं काढा. ह्या ऱ्हाऊ द्या."

"का?"

ते शिळेकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितलं, तेही सलग नाही. अठ्ठेचाळीस साली, निजामावरच्या पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत मोटारी कुणीही उचलून न्यायचं. इनामदारांनी हुकूम केला, गाडी चालू शकणार नाही असं करा. वस्तादांनी चारी चाकं काढली. कुणी दुसरी चाकं लावून ओढून नेऊ नये म्हणून मागच्या एक्सलवरचे दोन्ही हबही काढले, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुंबा. सगळं तेलाच्या फडक्यात बांधून या पेवात, ज्वारीवर ठेवलं. दोन महिन्यांनी सगळं निवलं तेव्हा ते काढायला वस्तादांचा धाकटा भाऊ आत उतरला.

पेव उघडल्यावर दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, आत जळता कंदील सोडून पाहायचा, विझला तर उतरायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी इनामदारांना घाई होती. भावानं चाकं दोराला बांधून वर दिली, हब दिले, आणि मग तो वर आला नाही. ज्वारी ओल धरून आंबली होती आणि आतली हवा विषारी झाली होती. शेवटी एका गड्यानं तोंडाला ओलं फडकं बांधून त्याला काढलं तोवर तो गेला होता.

"माती दिली आन् दुसऱ्या दिशी म्याच चाकं जोडली," वस्ताद म्हणाले. "इनामदारसाहेबांना हैदराबादला जायाचं व्हतं. तवापासनं मागचे नट उलटे फिरत्यात, बाबू. पयले ज्या अंगाला ठोकून बसायचे, आता त्या अंगाला सुटत्यात. आन् गाडी पळाय लागली का आपल्या आपण सुटत्यात. चौथ्या मैलावर म्या पयल्यांदा बघितलं. नट नुसता कडेला आलता."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"त्यो चाक मागतोय. हात लावला का गप बसतो."

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "भुताचे पाय उलटे असतात ऐकलं होतं," मी म्हटलं. "नट उलटे असतात हे आज कळलं."

त्यांनी खाली पाहिलं. त्या माणसानं मला जे खरं होतं तेच, अगदी बरोबर क्रमानं सांगितलं होतं. नट उलटे झाले होते, चौथ्या मैलावर सुटत होते, आणि हे पेवानंतर सुरू झालं होतं. मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं आणि आधीचं सगळं त्याच्याबरोबर फेकून दिलं. वर धमकी दिली. पट्ट्या राहिल्या तर मी सही करणार नाही, मुंबईकर गाडी परत पाठवतील, आणि मग इनामदारांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी दोन्ही पट्ट्या स्वतःच्या हातानं काढल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रबरी भोंगा, त्यांची लाकडी मोगरी, बाकीचं सटरफटर एका गाठोड्यात बांधून इनामदारांकडे ठेवायचं होतं. मोगरी ते नट ठोकायला वापरायचे. कारखान्याचा तांब्याचा हातोडा यादीत होता, पण तो कधीच हरवला होता. म्हणून हातोड्यापुढे फुली, आणि मोगरी गाठोड्यात. पट्ट्या मात्र मी माझ्या पिशवीत टाकल्या. दुकानात दाखवून चार लोकांना हसवायचं माझ्या मनात होतं.

गाडी कुर्डुवाडीपर्यंत चालवत न्यायची होती. तेरवरून जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीत ती मावत नव्हती, मोठ्या रेल्वेचा उघडा डबा कुर्डुवाडीलाच मिळणार होता. तिथं मुंबईचा माणूस थांबला होता. मी येडशीपर्यंत बरोबर जाणार आणि तिथून बसनं धाराशिवला परतणार, असं ठरलं.

सकाळी निघालो. इनामदार बाजेवरून उठले नाहीत. गाडी वेशीबाहेर पडली आणि वाऱ्यानं माझे केस उडाले. मी आयुष्यात असल्या गाडीत बसलो नव्हतो, आणि मला राजासारखं वाटत होतं हे कबूल करायला हवं. वस्ताद मात्र पुढे कमी आणि मागे जास्त पाहत होते. तीन मैल झाले नसतील, त्यांनी गाडी थांबवली. उतरून मागच्या चाकांपाशी गेले, नटावर तळवा ठेवला, उभे राहिले. मग रस्त्याकडेचा एक गोटा उचलून नटाचा कान ठोकला. डावीकडे तीन ठोके, उजवीकडे तीन.

"झालं का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"सुटला व्हता वाईच."

तो गोटा त्यांनी पायाशी ठेवून घेतला. पुढे आणखी दोनदा थांबलो. दर वेळी तळवा आणि ठोके. कडब्याच्या गाड्या आमच्या बाजूनं जात होत्या, गाडीवान आमच्याकडे बघून हसत होते, आणि मला लाजल्यासारखं होत होतं. शर्यतीची मोटार आणि तिला बैलगाड्या मागे टाकतायत. शिवाय माझी बस चुकणार होती. तिसऱ्यांदा नट किती फिरला हे पाहायला मी उतरलोच नाही. उतरलो असतो तर मलाही दिसलं असतं.

येडशीला बस उभी होती. मी उडी मारून उतरलो, यादीवर सही केली, कागद वस्तादांच्या जाकिटाच्या खिशात घातला. पुढे घाट होता. वस्ताद घाटाच्या दिशेनं पाहत होते.

"बाबू, त्या पट्ट्या द्या."

"कशाला?"

"घाटापुरत्या लावतो. खाली उतरलो का काढतो. कुर्डुवाडीत कुनाला दिसनार बी न्हाय."

माझ्या पिशवीत त्या होत्या. बोल्ट आवळायला निदान अर्धा तास लागला असता. बसचा कंडक्टर घंटी मारत होता. आणि सही तर मी केली होती की गाडीवर यादीबाहेरचं काही नाही.

"त्या तेरलाच राहिल्या," मी म्हणालो, "गाठोड्यात."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, माणूस घड्याळ बघतो तेवढंच. "बरं," म्हणाले. मग उतरून दोन्ही नटांवर तळवा ठेवून आले, आणि गाडी सुरू केली. मी पिशवी खांद्याला लावून बसमध्ये चढलो.

दुपारी दुकानात बातमी आली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मागचं उजवं चाक गाडी सोडून पुढे धावत गेलं आणि खालच्या रानात जाऊन पडलं. गाडी दरडीवर आपटली. कडब्याच्या गाडीवाल्यांनी वस्तादांना कडब्यावर निजवून बार्शीला नेलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. गाडी मात्र मुंबईकरांनी तशीच मोडकी उचलून नेली. नटावरचं अक्षर आणि यादीवरची खूण त्यांनी कधी ताडून पाहिली का, ते मला कळलं नाही.

पंचनाम्यात वस्तादांनी सांगितलं की वळणावर आपल्याच हातून चुकलं. पट्ट्यांचं नाव नाही, माझं नाव नाही. पंचवीस वर्षांचं नाव त्यांनी एका वाक्यात घालवलं. आमच्या दुकानात लोक म्हणाले, म्हातारपणी कुणाला मोटार देऊ नये. मी काउंटरमागे उभा होतो आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला जेवढी शरम आहे तेवढी दुसऱ्या कशाचीच नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक जुना कॅटलॉग झटकताना मला तसल्याच चाकाचं चित्र सापडलं. खाली लिहिलं होतं की दोन बाजूंच्या हबचे आटे एकमेकांच्या उलट कापलेले असतात. एका बाजूचा नट उजवीकडे फिरवला की बसतो, दुसऱ्या बाजूचा डावीकडे. त्यामुळं गाडी धावते तसा नट आपोआप आवळत जातो. हब बाजू बदलून बसवले तर धावता धावता नट सुटत जातो, म्हणून डावं-उजवं छापलेलं पाहून घ्यावं. डावं-उजवं ड्रायव्हरच्या जागेवरून, हेही लिहिलं होतं. भाऊ पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तादांनी हब उलटे बसवले होते. पेवातून भूतबित काही आलं नव्हतं.

मी ते पान फाडलं आणि तेरला गेलो. मला वाटलं, निदान हे तरी सांगू. चाक मागणारं कुणी नव्हतं, एवढं तरी त्यांना कळू दे.

वस्ताद घराच्या ओट्यावर कुबडी शेजारी ठेवून बसले होते. त्यांनी मला ओळखलं, आत हाक मारून चहा सांगितला. मला खुर्ची नव्हती म्हणून स्वतःची चादर दुमडून दिली. मी पिशवीत हात घालून पान चाचपत होतो तेवढ्यात तेच बोलले.

"येक बरं झालं बघा. त्याला पायजे व्हतं ते भेटलं. आता सपनात येत न्हाय. इतकी वर्सं रोज यायचा."

माझा हात पिशवीतच राहिला. पान बाहेर काढलं असतं तर भाऊ निर्दोष ठरला असता, आणि हब उलटे बसवणारा हात उरला असता, त्यांचा. मी चहा प्यायलो. शेवटी मी निदान माझ्या वाटणीचं बोलायचं ठरवलं.

"वस्ताद, त्या पट्ट्या तेरला राहिल्या नव्हत्या."

"ठाव हाय," ते म्हणाले. "तुमी उतरला तवा पिशवीत वाजल्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. माझा आवाज मात्र चढला, जसा चूक माझी असली की नेहमी चढतो. "मग तेव्हाच मागून का घेतल्या नाहीत?"

वस्तादांनी कुबडी जवळ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. येडशीला पाहिलं होतं तसंच, फार वेळ नाही.

"मागितल्या की, बाबू."